मुठीखालचा 'व्ही': सोलापुरातल्या एका जुन्या रिव्हॉल्वरचं साल कसं लागलं

आधी प्रकरण काय ते सांगतो. सोलापूर शहरातलं एक घर, मूळ गाव बार्शीच्या बाजूचं, जुन्या निजाम हद्दीला लागून. घरातले आजोबा वारले, त्यांच्या लायसनवर एक रिव्हॉल्वर होतं. लायसनवाला माणूस गेला की हत्यार तसंच घरात ठेवून चालत नाही, पोलीस ठाण्यात नाहीतर लायसन असलेल्या डीलरकडे जमा करायचं आणि मग वारसानं पुढचा अर्ज करायचा, त्याप्रमाणे नातवानं ते डीलरकडे नेऊन दिलं. डीलरनं रजिस्टरला चढवताना मुठीच्या बुडावरचा नंबर वाचला आणि तिथंच थांबला, कारण लायसनच्या पुस्तकात नंबर पाच आकडी आणि हत्यारावर सहा आकडी, कुठूनच मेळ बसेना. कागदावर बघितलं तर ही दोन वेगळी हत्यारं झाली. मग लायसनवालं कुठं गेलं आणि हे हातातलं कुणाचं, हे कुणीही विचारणार, आणि त्याला धड उत्तर नसेल तर पोराच्या मागं केस लागायला वेळ लागत नाही.

मी फौजेत आर्मोरर होतो, म्हणजे हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा, आता सोलापुरातच असतो. डीलर जुन्या ओळखीचा, त्याचा फोन आला, "काका, एकदा येऊन बघून जावा, पोरगं लई घाबरलंय." गेलो. हत्यार डीलरच्याच ताब्यात, त्याच्याच टेबलावर, सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे तिघांनी बघितलं आणि मगच हात लावला. हे मुद्दाम लिहितोय, कारण जुनं हत्यार "काय होतंय, बंदच आहे की" म्हणून लोक कसंही फिरवतात.

आता घरात या रिव्हॉल्वरची एक गोष्ट चालत आलेली. नातवाबरोबर त्याची आत्याही आली होती, सत्तरीच्या पुढच्या, त्यांनीच सांगितली. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्या धरपकडीत कुणीतरी एका गोऱ्या अंमलदाराचं रिव्हॉल्वर पळवलं आणि ते आत्याच्या आजोबांकडे, म्हणजे नातवाच्या पणजोबांकडे लपवायला दिलं, आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी झाल्यावर ते परत न्यायला कुणी आलंच नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही नावं सोलापुरात लहान पोरालाही माहीत असतात, त्यामुळं अशी गोष्ट घरात किती जपली जाते ते मी समजू शकतो. आणि आत्यांकडे पुरावाही होता. "नळीवर चौदा साल लिहिलंय बघा, आमच्या दादांनी भिंगातून वाचलेलं. म्हणजे तीस साली होतंच की ओ."

नळीवर खरंच लिहिलेलं आहे. स्मिथ अँड वेसन, स्प्रिंगफिल्ड, मॅसॅच्युसेट्स, आणि पुढं तीन तारखा: ६ फेब्रुवारी १९०६, १४ सप्टेंबर १९०९, २९ डिसेंबर १९१४. पण त्या तीन तारखा पेटंटच्या आहेत, हत्यार बनवल्याच्या नाहीत. आतली रचना कधी पेटंट झाली तेवढंच त्या सांगतात, आणि कंपनी हाच ठसा पुढं कित्येक वर्षं मारत राहिली. त्यातनं एवढंच निघतं की हे रिव्हॉल्वर डिसेंबर १९१४ च्या आधीचं नाही. नंतरचं किती, ते ती ओळ सांगत नाही. जुन्या रिव्हॉल्वरचं साल चुकतं ते सगळ्यात जास्त इथंच, कारण हत्यारावर साल म्हणून डोळ्याला दिसणारं तेवढंच असतं.

मग नंबर. आधी लायसनवरचा पाच आकडी नंबर कुठनं आला ते शोधलं, कारण असे नंबर कुणी हवेतनं लिहीत नाही, हत्यारावर तो कुठंतरी असणारच. या जातीच्या रिव्हॉल्वरचा सिलिंडर डाव्या बाजूला बाहेर येतो, तो ज्या दांड्यावर फिरतो त्याला योक म्हणतात. सिलिंडर बाहेर काढला की योकवर आणि त्याच्यासमोर फ्रेमच्या खाचेत बारीक आकडे दिसतात. टॉर्च तिरकी धरली आणि पाचही आकडे सापडले, लायसनवरचे तेच्या तेच. आत्या लगेच म्हणाल्या, "झालं तर मग, जुळला की नंबर."

जुळला, पण तो सिरियल नंबर नाही. कारखान्यात फ्रेम, योक, साइडप्लेट हे एकमेकांना घासून बसवायचे, मग पॉलिश आणि रंगकामाला सुटे व्हायचे, परत येताना कुणाचं काय ते ओळखावं म्हणून सगळ्या तुकड्यांवर एकच नंबर मारायचे, परीट कपड्यावर खूण करतो तसं. तो असेंब्ली नंबर. हत्यार एकदा जोडून झालं की त्याचं काम संपलं, त्याच्यावरनं ना साल लागतं ना मालक, आणि तोच आकडा दुसऱ्या एखाद्या हत्यारावर असू शकतो. पण सिलिंडर उघडल्यावर पहिला नजरेत येतो तो हाच, त्यामुळं फार पूर्वी लायसन लिहिताना कुणा कारकुनानं समोर दिसला तो नंबर उतरवला, आणि पुढं प्रत्येक रिन्यूअलला मागच्या पानावरनं पुढच्या पानावर तोच उतरत गेला, नंतर ऑनलाइन सिस्टीम येऊन युनिक आयडी नंबर पडला तेव्हाही तोच भरला गेला. इतक्या वर्षांत हत्यार हातात घेऊन कुणी पडताळलं नाही. स्मिथच्या रिव्हॉल्वरांत ही गडबड मी याआधीही बघितलेली आहे.

खरा सिरियल नंबर मुठीच्या बुडावर असतो. इथं बुडावर लॅनयार्डची कडी होती, म्हणजे दोरी अडकवायची रिंग, आणि कडीच्या एका बाजूला सहा आकडे स्वच्छ दिसत होते, सुरुवात २६ नं. बाकीचे आकडे इथं देत नाही. डीलरनं रजिस्टरला तेवढेच सहा आकडे लिहिलेले. आता गंमत नाही, पण धोका बघा कसा आहे. स्मिथ अँड वेसनच्या मिलिटरी अँड पोलीस मॉडेलच्या, म्हणजे याच जातीच्या रिव्हॉल्वरच्या, यादीत दोन लाख साठ हजारांच्या पुढचा नंबर शोधला तर तो पडतो पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला. म्हणजे पेटंट १९१४ चं, नंबर त्याच्या लगेच नंतरचा, आणि मार्शल लॉ १९३० चा. सगळं एका ओळीत बसलं. नातवानं मोबाईलवर आधीच एक यादी काढून बघितली होती आणि त्याचंही उत्तर तेच आलेलं, तो म्हणाला, "काका, आत्याचं बरोबरच निघालं." तिथंच थांबलो असतो तर गोष्टीवर शिक्का बसला असता.

मला खटकलं ते वेगळंच. मूठ साध्या गुळगुळीत लाकडाची, त्यावर ना जाळी कोरलेली ना कंपनीचा बिल्ला. आणि पोलादाचा रंग करडा, मॅट. त्या काळातलं दुकानात विकायचं स्मिथ म्हणजे आरशासारखं निळं पॉलिश, मुठीला जाळीदार नक्षी. हे तर युद्धाच्या घाईत बनवलेलं दिसत होतं. म्हणून कडीची दुसरी बाजू बघायला घेतली. तिथं जुनं ग्रीस आणि मळ दगडासारखा बसलेला. अशा वेळी काय करायचं नाही ते आधी सांगतो: वायर ब्रश नाही, पॉलिश पेपर नाही, सुरीचं टोक तर अजिबात नाही. आर्म्स ॲक्टच्या कलम ८ प्रमाणे हत्यारावरची ओळखखूण खोडणं, बदलणं हा गुन्हा आहे, आणि खोडलेल्या नंबराचं हत्यार ज्याच्याकडे सापडेल त्यानंच तो खोडला असं धरलं जातं, नाही म्हणून दाखवायची जबाबदारी त्याच्यावर येते. साफसफाईच्या नादात एक आकडा पुसट झाला तर नसलेलं लचांड गळ्यात पडतं. आम्ही केलं ते एवढंच: थोडं रॉकेल, मऊ टूथब्रश, मळ भिजू द्यायला भरपूर वेळ, मग सुती फडकं, आणि वरनं खडूची पूड बोटानं चोळून फुंकली. पांढरं खाचेत राहिलं आणि कडीच्या पलीकडं एकटं अक्षर उमटलं. व्ही.

त्या एका अक्षरानं सगळं पंचवीस-तीस वर्षं पुढं सरकलं. झालं असं होतं की या मॉडेलचे नंबर १९४२ मध्ये दहा लाखांपर्यंत पोचले. मग कंपनीनं पुन्हा एकपासून सुरुवात केली आणि पुढं व्ही लावला, व्ही म्हणजे व्हिक्टरी, म्हणून यांना व्हिक्टरी मॉडेल म्हणतात. १९४२ च्या एप्रिलपासून १९४४ च्या अखेरीपर्यंत हे नंबर साधारण सात लाख एकोणसत्तर हजारांपर्यंत गेले. त्यानंतर व्हीच्या आधी एस लागला, कारण १९४४ मध्ये एका अमेरिकी नौसैनिकाचा खाली पडलेल्या रिव्हॉल्वरची गोळी सुटून जीव गेला आणि कंपनीनं हॅमर अडवणारा नवा सेफ्टीचा तुकडा बसवला, तो बसवलेल्या मालाला एसव्ही. आपल्याकडे नुसता व्ही, म्हणजे ती सुधारणा होण्याआधीचं हत्यार. हे फक्त इतिहासाला नाही, वापरायलाही महत्त्वाचं आहे, असं रिव्हॉल्वर भरून कमरेला लावलं आणि हातातनं निसटलं तर काय होऊ शकतं ते मी नातवाला नीट समजावून सांगितलं.

पण एका अक्षरावर रिपोर्ट लिहायचा नसतो, अक्षर नंतर कुणी मारलेलंही असू शकतं. म्हणून तोच नंबर आणखी कुठं आहे ते बघितलं. या रिव्हॉल्वरवर सिरियल नंबर नळीच्या खालच्या सपाट पट्टीवर आणि सिलिंडरच्या मागच्या तोंडावरही असतो. दोन्ही ठिकाणी सापडला, दोन्हीकडे व्हीसकट. डीलरच्या कारागिरानं मुठीचा स्क्रू काढला, उजव्या लाकडाच्या आतल्या बाजूला तेच आकडे. म्हणजे फ्रेम, नळी, सिलिंडर आणि मूठ एकत्रच कारखान्यातनं निघालेले, मध्ये कुणी दुसऱ्या हत्याराचं काही बसवलेलं नाही. ऐंशी वर्षं जुन्या वापरातल्या हत्याराला हे सहसा सापडत नाही, मला मनापासून आनंद झाला.

दुसरा स्वतंत्र पुरावा वरच्या पट्टीवर होता. फ्रेमच्या माथ्यावर, सिलिंडरच्या बरोबर वर, हे अमेरिकी सरकारची मालमत्ता असल्याचा ठसा. हे ब्रिटनला द्यायचं रिव्हॉल्वर (ते कशावरनं, ते पुढं येतं), मग त्यावर अमेरिकी सरकारचा ठसा का, तर लेंड-लीज. तो कायदा झाला मार्च १९४१ मध्ये, अमेरिकेनं माल आपल्या नावावर ठेवून मित्रदेशांना वापरायला दिला. त्याच्या आधी स्मिथनं ब्रिटनला जी रिव्हॉल्वरं दिली त्याची कथा वेगळी आहे, ब्रिटननं नऊ एमएमच्या एका हलक्या रायफलसाठी दहा लाख डॉलर आगाऊ दिले होते, रायफल टिकली नाही आणि ते पैसे फेडायला कंपनीनं रिव्हॉल्वरं पाठवली. पण त्या मालाला व्ही नाही.

तिसरी गोष्ट बोर, म्हणजे कुठल्या मापाचं काडतूस बसतं ते. नळीच्या बाजूला नुसतं .३८ एस अँड डब्ल्यू काडतूस असं लिहिलेलं, त्यात स्पेशल हा शब्द नाही. हा फरक फार मोठा आहे. अमेरिकेत याच मॉडेलचं नेहमीचं काडतूस .३८ स्पेशल, लांब आणि थोडं सडपातळ. ब्रिटिश फौजेचं .३८/२०० म्हणजे जुनं .३८ एस अँड डब्ल्यू, आखूड आणि जाड. व्हर्नियर लावला. चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या घरात, जिथं केसची (काडतुसाच्या पितळी नळीची) जागा संपून पायरी येते ती विसेक मिलिमीटरवर लागली. .३८ स्पेशलची केसच एकोणतीस मिलिमीटरच्या वर असते, तिच्यासाठी कुणी घर पुढं कोरलं असतं तर पायरी आत गेली असती. युद्धानंतर बाहेरच्या देशांत अशी बरीच रिव्हॉल्वरं स्पेशलसाठी कोरून विकली, त्यात केस मागच्या बाजूला फुगते, कारण घर आधीच जाड काडतुसाचं. आपलं कुणी छेडलेलं नव्हतं. नळी पाच इंची, तीही ब्रिटिश मालाचीच खूण.

आणि नसलेली एक खूण. ब्रिटनमध्ये फौजेचं हत्यार बाजारात विकायचं तर आधी प्रूफ हाऊसकडनं तपासून शिक्के मारून घ्यावे लागतात, नळीवर आणि सिलिंडरच्या प्रत्येक घरावर ते दिसतात. इथं तसला एकही शिक्का नाही. म्हणजे हे इंग्लंडच्या दुकानातनं फिरून आलेलं नाही. लष्कराच्या हातातनं थेट इकडंच उतरलेलं असणार, असं मी धरतो.

साल किती बारीक सांगता येईल? सरळ हिशोब केला तर सात लाख एकोणसत्तर हजार नंबर तेहतीस महिन्यांत, महिन्याला साधारण तेवीस हजार, त्यावरनं दोन लाख साठ हजारांचा टप्पा १९४३ च्या पूर्वार्धात येतो. पण हा भागाकार आहे, कारखान्याचं रजिस्टर नाही. स्मिथमध्ये नंबराच्या क्रमानं माल बाहेर पडतोच असं नाही, मारलेली फ्रेम आधी आणि पाठवणी नंतर, असं खूप होतं. पक्की तारीख हवी तर स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनकडनं फी भरून पत्र मागवता येतं, त्यात ते हत्यार कारखान्यातनं कधी आणि कुठं गेलं ते रेकॉर्ड बघून देतात. मी रिपोर्टमध्ये "१९४२ चा एप्रिल ते १९४४ ची अखेर, बहुधा १९४३" एवढंच लिहिलं. नातवाला एकच साल हवं होतं, मी दिलं नाही.

आता नंबराचा घोळ. हत्यार एकच आहे हे कागदावर दाखवायचं होतं. आत्यांनी घरातली जुनी पत्र्याची पेटी आणली, आणि त्यातनं जे निघालं त्यानं काम झालं. निवडणूक आली की लायसनवाल्यांना हत्यार पोलिसांकडे जमा करावं लागतं, तशा कितीतरी वर्षांच्या जमा पावत्या आजोबांनी दोऱ्यात ओवून ठेवलेल्या. बहुतेक पावत्यांवर लायसन बघून उतरवलेला तोच पाच आकडी नंबर. पण एका पावतीवर जमा करून घेणाऱ्या हवालदारानं दोन्ही लिहिलेले, लायसनचा नंबर असा आणि "मुठीखाली" असा, व्ही मात्र त्यालाही दिसलेला नाही. त्या माणसाचं नाव पावतीवर वाचता येत नाही, पण त्यानं हत्यार उलटं करून बघितलं म्हणून हे घर वाचलं, असं मला वाटतं.

मग अर्ज केला: नंबर दुरुस्तीची विनंती, वारसांचं प्रतिज्ञापत्र, डीलरचा तपासणी अहवाल, पाचही जागांचे जवळून काढलेले फोटो, प्रत्येक फोटोखाली कुठला नंबर काय आहे ते मराठीत, आणि ती पावती. सोलापूर शहरात हे पोलीस आयुक्तालयात जातं, ग्रामीणला जिल्हाधिकारी कार्यालयात. तिथं त्यांच्या आर्मोररनं स्वतः पडताळणी केली आणि दुरुस्ती मान्य झाली.

एक गोष्ट मात्र अवघड झाली. लायसनवर बोर म्हणून नुसतं .३८ होतं. आर्म्स रूल्समध्ये .३८० आणि .४५५ रिम्ड काडतूस ज्यात बसतं ती रिव्हॉल्वरं प्रोहिबिटेड, म्हणजे बंदी असलेल्या, बोरमध्ये येतात, आणि हे .३८/२०० म्हणजे तेच. अशा बोरचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाकडनं होतो, फाईल दिल्लीला जाते. नातू हळूच म्हणाला, "काका, नुसतं .३८ च राहू दिलं तर चालणार नाही का?" मी स्पष्ट नाही म्हणालो. नंबराची चूक इतकी वर्षं कागदात चालत आली म्हणून तर हे सगळं उभं राहिलं, आता बोरची चूक डोळ्यांदेखत पुढं ढकलायची, आणि उद्या कुणी त्या .३८ वर विसंबून चुकीचं काडतूस आणून बसवायला गेला तर? पोरगं समजूतदार, पूर्ण बोर लिहून दिला. वारसाची फाईल अजून चालू आहे, तोवर हत्यार डीलरकडेच.

राहिल्या आत्या. त्यांना सांगायचं काम माझ्याकडं आलं. लेंड-लीजचा ठसा, व्ही, पेटंटची तारीख, सगळं भिंगातनं दाखवलं, त्यांनी स्वतः वाचलं. थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मग आमच्याकडं आलं कधी?" ते पेटीतल्या पहिल्या लायसनवरच होतं. साल १९४९, पणजोबांच्या नावावर, कारण स्वसंरक्षण. त्याच्या आदल्या वर्षी सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, भारतीय फौजेची मुख्य तुकडी सोलापूरवरनंच नळदुर्गमार्गे हैदराबादकडं गेली, आणि त्याआधी रझाकारांच्या भीतीनं सरहद्दीवरच्या गावांनी रात्री जागून काढल्या. यांचं गाव त्या सरहद्दीवरच. १९४३ च्या सुमाराला बनलेलं, फौजेकडनं उतरलेलं रिव्हॉल्वर १९४९ ला तिथल्या शेतकऱ्याकडं लायसनवर येणं, हे तारखांना धरून बसतं. कुणी दिलं, कुठल्या हातातनं आलं ते नंबर सांगत नाही आणि मीही जोडून सांगितलं नाही. आत्यांना मात्र लहानपणचं आठवलं, की आजी रझाकारांच्या वेळच्या रात्रींचं सांगायची आणि दादा मार्शल लॉचं, आणि रिव्हॉल्वर नक्की कुणाच्या गोष्टीत होतं हे त्यांना आता खात्रीनं सांगता येईना.

तुमच्या घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असलं जुनं स्मिथ असेल तर लायसन काढून बघा. नंबर चार-पाच आकडी आणि सुरुवातीला अक्षर नाही, असं असेल तर लायसनवाली व्यक्ती हयात असतानाच डीलरकडे जाऊन मुठीखालचा नंबर पडताळून घ्या, कडीच्या दोन्ही बाजूंचा. दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र ते स्वतः करून देऊ शकतात, "हे हत्यार मीच इतकी वर्षं वापरलं" हे त्यांच्या सहीनं आलं की कार्यालयात निम्मे प्रश्न उठतच नाहीत. आणि निवडणुकीच्या जमा पावत्या फेकू नका, एकूण एक ठेवा.